दरेकशाची लाकडी फरशी

दरेकसा,
भाद्रपद

प्रिय ओमेश,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून पत्र फाडू नकोस. दुलीचंदजींच्या डोंगराकडच्या बंगल्यात, आपण सागवानी फरशी बसवली त्याच खोलीत बसून लिहितोय. धुकं खिडकीपर्यंत आलंय. रेल्वेची शिट्टी येते, गाडी दिसत नाही. ओल पिऊन लाकूड हळूच कुरकुरतं, तेव्हा तूच चालत येतोयस असं वाटतं.

तो मे महिना आठवतो? फळ्या वाळून खणखणत होत्या. तू त्या पंधरा दिवस खोलीतच पसरून ठेवल्यास. लाकडाला इथली हवा ओळखू दे, म्हणालास. मग भाचीच्या लग्नाला देवरीला निघताना बजावलंस, "भिंतीपाशी बोटभर जागा सोडजो. पावसाळ्यात लाकूड फुगते, त्याले सरकाले जागा पाहिजे."

श्रावणात फरशी मधोमध तंबूसारखी उचलली गेली. मालक सगळ्यांदेखत तुला म्हणाले, "गीला माल लगा दिया तूने." ओलं लाकूड वाळताना आकसतं, उचललं जात नाही, हे मला ठाऊक होतं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली वाकून खिळे गोळा करत राहिलो. पुढे तुला इकडे कोणी काम दिलं नाही आणि तू रायपूर गाठलंस.

खोली तेव्हापासून बंदच होती. यंदा उन्हाळ्यात मालकांनी नवी फरशी करायला मलाच बोलावलं. या वेळी तू सांगितलं होतंस तसंच केलं. पाऊस सरत आला. एक फळी हललेली नाही. त्यांनी पाठ थोपटली, आणि मला जेवण गेलं नाही.

ओमेश, तेव्हा मी जागा सोडली होती. पण दुसऱ्या दिवशी मालक पाहायला येणार होते. फट बरी दिसत नाही म्हणून तिच्यात पट्ट्या ठोकून मी ती भरली. काल हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "उसको मैं फोन करूंगा." तो फोन उचल. माझा नाही उचललास तरी चालेल. तिथून देवरीला तुझ्या मायकडे गेलो. तिनं सगळं ऐकलं, बसायला सांगितलं नाही. "हे सांगाले चार वर्ष काऊन लागले?" एवढंच विचारलं. तिला देता आलं नाही ते उत्तर तुला तरी द्यावं म्हणून लिहायला बसलो: भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

तुझाच,
लीलाधर