दोन कपांचा खण

अब्बा, ओमानमधल्या बरकाच्या तुमच्या वर्कशॉपमध्ये आता मी काम करतो. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्धवट टाकून आलो. अम्मीला सांगितलं, डिग्रीवाले घरी बसलेत, हातात हुन्नर हवा. खरं कारण तुमच्या पार्टनरची, चाचांची, मुलगी. सुट्टीत गावी आली होती, ती परत गेली आणि माझं रत्नागिरीत कशात लक्ष लागेना. ती इथल्या क्लिनिकच्या लॅबमध्ये असते. चाचांना वाटतं मी कामासाठी आलो. निदान तसं दाखवतात. मला हल्ली सगळ्यांचाच संशय येतो.

गेल्या महिन्यात रुस्ताकचा एक ओमानी तरुण आला. डोंगरात फिरवायची मोठी फोर-बाय-फोर, मागे लोखंडी ड्रॉवर, इतके जड की चढावर इंजिन रडायचं. त्याला हलके करून हवे होते. त्याने कागद पुढे केला. मापं, शेगडी, पाण्याचा कॅन, आणि वरच्या खणात दोन कपांच्या जागा. मी सातच्या आकड्यावर अडकलो. पोटातून आडवी रेघ मारलेला, वर शेपूट काढलेला तसा सात मी एकाच माणसाचा पाहिलाय. "किसने लिखा?" मी विचारलं. "क्लिनिकवाली सिस्टर," तो म्हणाला आणि हसला. हसला कशाला? आणि कप दोनच का?

मी तिला फोन लावला. "त्या रुस्ताकवाल्याला ओळखतेस?"

"ओळखते की. नीट बनव हं, माझे अब्बा बघणार आहेत."

"त्याची भारी काळजी तुला."

"तुझं ना, डोकं फिरलंय," म्हणून तिने फोन ठेवला. नाकारलं मात्र नाही, हे मी लक्षात ठेवलं.

आठ दिवस मी त्या ड्रॉवरांवर होतो. पातळ प्लाय, कडांना अ‍ॅल्युमिनियमचे अँगल, आतल्या फळ्यांना गोल भोकं पाडून वजन उतरवलं. कपांच्या जागा कापताना मला तिथे तिची बोटं दिसायची. चाचा येतात, भरलेला ड्रॉवर एका बोटाने ओढून बघतात, "माशाल्ला, बापाचा हात उतरलाय," म्हणतात. आणि मला वाटतं, हे मला चुचकारतायत, पलीकडे मुलीचं ठरवून मोकळे झालेत. राग असा डोक्यात बसला होता. शेवटी ड्रॉवर गाडीत चढले. खटके तेवढे राहिले. खटका नसेल तर चढावर ड्रॉवर आपोआप मागे सरकतो, दारावर टेकून राहतो, आणि दार उघडणाऱ्याच्या अंगावर येतो. हे तुम्हाला काय सांगायचं.

आठवतं? मी अकरा वर्षांचा, व्हिजिट व्हिसावर तुमच्याकडे आलेलो. याच टेबलाशी मी एक पेटी करतोय आणि झाकण बसत नाहीये. मी ओरडतो, मिस्त्रीने माझ्या खुणा पुसल्या! तुम्ही माझ्या हातातला टेप घेता, त्याचं वाकलेलं टोक माझ्या नाकासमोर धरता. "संशय घ्यायचा तर आधी आपल्या टेपवर घे. माणसं नंतर." मी रडलो, तेव्हा तुमचा गुण्या मला दिलात. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. काटकोन तपासायला तोच वापरतो मी अजून.

गाडी गेल्यावर तिसऱ्या दिवशी रुस्ताकहून फोन आला. चाचा म्हणाले, "यल्ला, गाडीत बस." खजुराच्या झाडाखाली चटईवर एक म्हातारा बसला होता, गुडघ्याला पट्टी. त्या तरुणाचे वडील. दर शुक्रवारी तो त्यांना डोंगरावर नेतो, बाप-लेक काहवा पितात. दोन कप. मागचं दार म्हाताऱ्यानेच उघडलं होतं.

"पोरगा नवा आहे, विसरला," चाचा हात जोडून हिंदीत म्हणाले. "याचा बाप असता तर विसरला नसता." म्हातारा म्हणाला, "खलास, खलास," म्हणजे झालं ते झालं, आणि त्या दोनांतला एक कप भरून माझ्यापुढे केला. तो मी प्यायलो. मग खिशातून खटके काढले आणि तिथेच बसवले. चाचा बघत होते. माझ्या हाताकडे, की खिशाकडे?

परतल्यावर ती वर्कशॉपच्या दारात होती, चाचा गाडी लावायला गेले. "त्याचे वडील रक्त तपासायला येतात आमच्याकडे. त्याने सुतार विचारला, तर मापं लिहून मीच त्याला तुझ्याकडे पाठवलं. अब्बांना तुझं काम दिसलं, तर आपलं बोलणं तरी काढता येईल. आणि तू खटकेच विसरलास?"

"हो."

"जाऊ दे रे. विसरतो माणूस."

आपलं बोलणं, म्हणाली ती. अब्बा, मी विसरलो नव्हतो. ड्रॉवर चढवले त्या दिवशी खटके दिवसभर माझ्या खिशात खुळखुळत होते. हे तिला सांगायला हवं, पण तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही उलटून विचारणार नाही. हा कागद घडी करून तुमच्या गुण्याखाली ठेवला होता. पण सकाळी तो गुण्या माझ्याआधी चाचाच उचलतात. म्हणून परत काढला आणि खिशात घातला, त्याच खिशात.