पेटीतलं गाणं

रामाकोना
९ डिसेंबर १९८६, मंगळवार

चि. सुधाकर,
आजीचा जय भीम. मी धडधाकट आहो. बकरी व्याली, दोन पिल्लं देल्ली. तू पांढुर्ण्याले आत्याच्या घरी तोंड लपवून बसला, तिथं जेवून तरी राहिला का?

मालकाचा माणूस येऊन गेला. शुक्रवारपर्यंत गोंडाच्या बाया संत्रे भरण्याच्या शेडमधी परत आल्या नाही त तुह्या जागी सुपरवायझर दुसरा. संत्रं नरम पडून राहिलं. आपल्या घरातला पहिला पोट्टा हातात हजेरीबुक घेऊन उभा राहिला, तो आठ महिन्यांत खाली बसणार.

तू वाईट मनानं केलं नाही. साऱ्या बाया आपापलं टोळकं धरून बसत. तू म्हणला, मिसळून बसा, इथं सगळे सारखे. गोंडाच्या चौदा जणी चौदा जागी बसवल्या. पेट्या भरताना त्या म्हणत ते गाणंही बंद केलं. मंग पेट्यांत संत्रे कमीजास्त भरू लागले, नागपूरहून माल वापस आला. अन् तू साऱ्यांसमोर बोलला, "मोजताही येत नाही का तुमाले?" त्या उठल्या अन् गेल्या.

काल मी त्याईच्या वस्तीवर गेली. उर्मिला, त्याईची म्होरकी, आंगण सारवून राहिली होती. उठली नाही.
"आजी, नातवाची नोकरी वाचवाले आल्या का?"
"हो. खोटं काहून बोलू?"
मंग तिनं सांगतलं. गाण्याची एक ओळ म्हणजे पेटीतला एक थर. कडवं सरलं का पेटी भरली. मधात बसते ती गाणं सुरू करते, आजूबाजूच्या धरतात. शाळेत कोणी गेलं नाही, पण बारा वर्षांत एक पेटी चुकली नाही.
"साहेबानं एकडाव इचारलं असतं," म्हणे. "पण गाण्यावर काहून आला तो? त्याचे कान कोणं भरले?"
मी कोरा चहा पेली अन् उठून आली.

कोणं भरले, तुले ठाऊक आहे. तू मालकासमोरही माह्यं नाव घेतलं नाही. मी त्याच शेडमधी पेट्यांत धानाचं तणस लावते, अन् दिवाळीनंतर मीच तुले म्हटलं होतं का ह्या बाया आपल्या बोलीत आपल्यावर गाणे करून हासतात, तू सुपरवायझर होऊन ऐकून काहून घेतो? त्याईच्या बोलीतला एक शब्द मले येत नाही. लोक आपल्याले पाहून आपसात हासले का कसं वाटते, एवढंच उभ्या जन्मात शिकली, अन् तेच त्याईच्या तोंडाले चिकटवलं. त्या संत्रे मोजत होत्या रे.

परवा, गुरुवारी, पहिल्या बसनं सौंसरले उतर. मी स्टँडवर उभी राहीन. वस्तीवर जाऊन तू त्याईलेच इचार, कोण कुठं बसणार. त्याच्या आधी मी सांगीन कान कोणं भरले ते. मले हाकललं त हाकलू दे, मधात पडू नको.

ही चिठ्ठी कंडक्टर रामाजीच्या हातानं धाडून राहिली. तू आला नाही तरी मी जाईन. पण माह्या एकटीच्या बोलण्यानं त्या येणार नाहीत, अन् शुक्रवार थांबणार नाही.

गाणं जिनं बंद पाडलं ती,
तुही आजी
देवकाबाई