दाबाखालचं पाणी

३ फेब्रु., मंगळ.
लकव्यानंतर बाबा घरी आलेत. समजतं सगळं, शब्द येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या विषयावर बोलत राहा. जन्मभर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. मला तेवढी केमिस्ट्री येत नाही, मग ऑफिसचं कामच, पंपांच्या चाचणीची गणितं, वाचून दाखवते. आईला हसू येतं.

५ फेब्रु., गुरु.
नवा पंप नापास होणार बहुतेक. पाणी जोरात दाबलं की जरासं तापतंच. त्याहून जास्त तापलं, तर पंप ताकद वाया घालवतोय. माझ्या हिशोबापेक्षा फारच तापतंय. पंप सलीमभाईंनी जुळवलेला. "मॅडम, एक बार और देख लो ना." पुन्हा पाहिलं. तेच. सोमवारी सगळा खोलायचा. त्यांचं तोंड बघवेना.

८ फेब्रु., रवि.

बाबांसमोर गणित मोठ्याने वाचत होते. दाब किती वाढला, प्रसरणांक, गुणिले तापमान पंचवीस... बाबांनी मनगट धरलं.
"दोनशे... त्र्याहत्तर."
आई स्वयंपाकघरातून धावत आली. "बोलले? काय म्हणाले? बसचा नंबर का?" आणि रडायलाच लागली. मीही.
बाबा वैतागले. पुन्हा, "दोनशे त्र्याहत्तर." बोट कागदावरच्या पंचवीसवर. वर्गात रोखायचे तसंच.
केल्विन! सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचेच राहिले होते. पंचवीस नाही, दोनशे अठ्ठ्याण्णव. नुसत्या दाबाने होणारी वाढ मी जवळजवळ बारा पट कमी धरली होती. पुन्हा मांडलं. पाणी तापायला हवं तेवढंच तापतंय. पंप ठणठणीत!
बाबा बोलले. बाबा बोलले.

९ फेब्रु., सोम.
मीटिंगमध्ये सांगितलं, पंप चांगला आहे, हिशोब माझा चुकला. साहेबांनी पंप खोलायचं काम रद्द केलं. चूक कुणी पकडली ते सलीमभाईंना बाहेर सांगितलं. छातीवर हात ठेवला त्यांनी. "अब्बा कू मेरा सलाम बोलना."
घरी येताना तारनाक्याच्या स्टॉपवर बसमधून उतरून मिरची भजी घेतली. कितीतरी दिवसांनी भूक लागली.

१३ फेब्रु., शुक्र.
मुद्दाम एक चूक घालून वाचलं, भागिलेच्या जागी गुणिले. पकडली नाही. की पकडून सोडून दिली?
रात्री जेवताना बाबा स्वतःहून, "भा..."
आई, "भात वाढू?" मानेनेच नाही.
"भाऊकाकांना बोलावू, बाबा?" नाही.
भाजी, भाकरी, भाचा, सगळं झालं. शेवटी स्वतःच हसायला लागले, आवाज काढून. आम्हीही.
हसू ओसरल्यावर पुन्हा, हळूच, "भा..."