पुलापर्यंत मिस

१३ जून १९९४

आठवी ब माझ्या गळ्यात मारली! गणित माझं, वर्गही माझाच. आणि विनुता नेमकी आठवी बमध्ये. शाळा चालवणाऱ्या करस्पॉन्डंटना म्हटलं, माझ्या मुलीला दुसऱ्या तुकडीत घाला. "जागा नाही, मॅडम." संपलं.

येताना मोपेडवर तिला नियम सांगितला. कालव्यावरचा पूल येईपर्यंत मी मिस. पूल ओलांडला की आई. शाळेतली रडगाणी घरी आणायची नाहीत, घरचे लाड शाळेत न्यायचे नाहीत.

"हो," म्हणाली.

"हो काय? हो, मिस!" पूल अजून यायचा होता.

घरी यांना सांगितलं तर हसले. "आधी तिला खायला दे काहीतरी, मग मिस हो." यांचं काय जातंय! दिवसभर बँकेत पंख्याखाली बसायचं.

४ जुलै

पहिल्या चाचणीचे पेपर वाटले. माझी पद्धत सगळ्या शाळेला ठाऊक आहे – जास्त मार्क आधी, मग उतरत उतरत, आणि त्याच क्रमानं बाक. शेवटचा पेपर वाचेपर्यंत वर्गात श्वाससुद्धा ऐकू येत नाही.

शेवटी अर्थात साईराम. म्हटलं, "बाळा, तुझ्या अख्ख्या पेपरात एकच गोष्ट बरोबर आहे. तुझं नाव. त्याला मार्क नसतात." वर्ग खो-खो हसला. मलाही बरं वाटलं – खोटं कशाला लिहू? हे मोडकंतोडकं मराठी इथं तमिळ मुलखात वाचणार कोण? विनुतालासुद्धा बाळबोध अक्षर येत नाही.

विनुता पहिली. फाटकाशी साईरामची आई, ती कामाक्षी, मुद्दाम ऐकू जाईल असं बोलली – टीचरचीच पोर, पहिली येईल नाही तर काय!

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. थांब म्हणावं.

८ ऑगस्ट

दुसऱ्या चाचणीत विनुतानं दोन गणितांत पायऱ्या न लिहिता नुसतं उत्तर टाकलं. बरोबर होतं. असल्या उत्तराला मी इतरांना अर्धे मार्क देते. तिला शून्य दिलं.

"मिस, कीर्तनाला अर्धे दिलेत."

"तिला तेवढंच येतं. तुला जास्त येतं ना? मग लिहायचं."

तिसऱ्या बाकावर गेली. मी मुद्दाम तिच्याकडेच बघत राहिले, सगळ्यांना दिसावं म्हणून.

स्टाफरूममध्ये कनकलता – सायन्सची – म्हणाली, "अक्का, लहान पोर आहे हो." स्वतःला मूल नाही, म्हणून जगाची पोरं गोड. कामाक्षीचं तोंड मात्र बंद झालं. बास!

१२ सप्टेंबर

चाचणी. मधे कुणी बाहेर जायचं नाही, हा माझा जुना नियम. ही कार्टी संडासात जाऊन पुस्तकं उघडतात.

तासाच्या मध्यावर विनुता उभी राहिली. "मिस, बाहेर जाऊ?" म्हटलं, खाली बस. थोड्या वेळानं पुन्हा उभी! या वेळी बोलली नाही काही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. चेहरा पांढराफटक. गणित अडलं असणार, दुसरं काय. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "स्टाफच्या मुलांना वेगळा कायदा नाही." मुलं खिदळली. बसली.

पेपर गोळा करताना सगळा वर्ग उभा राहिला, ही नाही. बाकाला चिकटून बसली. एवढा माज! मी तशीच निघून आले.

कनकलतानं स्कूटरवरून घरी सोडलं तिला. अंगात पीटीचा स्कर्ट. "युनिफॉर्मवर शाई सांडली," विनुता म्हणाली. स्वतःच धुवायला बसली. शाईबद्दल आणखी दोन शब्द ऐकवले.

१४ सप्टेंबर

शेवटचं गणित कोरं. त्याचे गेलेच, वर उभी राहिली नाही म्हणून आणखी कापले. शेवटचा बाक, साईरामशेजारी.

२ ऑक्टोबर

पापनाशमहून चंद्रमती वन्सं आल्या. आल्या आल्या चालू – "विनुताला न्हाण नाही का आलं अजून? तेरावं सरत आलं की!" येईल म्हटलं, घाई कसली.

त्यांना पेटी उघडून दाखवली. कुंभकोणमची रेशमी दावणी, म्हणजे इथल्या मुलींची अर्धी साडी, पोपटी, मोहरीच्या रंगाचे काठ. त्या दिवशी मीच नेसवणार तिला. हळदीचं पाणी पहिलं मी घालणार, ओवाळणार पहिली मी. माझी आई त्या दिवशी मला मांडीवर घेऊन बसली होती. एवढी घोडी झाले होते तरी! दिवसभर केसांतून हात फिरवत होती. तसा हात त्याआधी कधी फिरला नव्हता, नंतरही नाही.

विनुता दारात उभी राहून दावणीकडे बघत होती. हात लाव म्हटलं, तर आत निघून गेली.

९ ऑक्टोबर

नवरात्र. कोलू मांडला आहे, बाहुल्या सगळ्या पायऱ्यांवर बसल्या, बायका यायच्या आहेत – आणि ही दिवा लावायला तयार नाही! उंबऱ्याबाहेर खांबासारखी उभी. फुलं दे म्हटलं, फुलं नाही. प्रसाद उचल, तोही नाही.

दिली एक कानाखाली. देवापुढे. रडली नाही. मागच्या अंगणात जाऊन बसली ती आरती संपेपर्यंत. वन्सं पुटपुटल्या, शाळा डोक्यात गेली आहे मायलेकींच्या.

१९ नोव्हेंबर

हल्ली ही मला हाकच मारत नाही. आई नाही, मिस नाही. समोर येऊन उभी राहते, मी बघेपर्यंत.

शनिवारी कनकलताकडे जाते म्हणे, शिकवणीला. सायन्समध्ये हिला शिकवणी कशाला?

७ डिसेंबर

मधल्या सुट्टीत कनकलता डबा उघडता उघडता म्हणाली, "अक्का, राग नाही, पण फंक्शनला एक शब्दानं बोलावलं नाहीत. मला वाटलं, तुमच्या मराठी लोकांत करत नसतील."

कसलं फंक्शन?

तिचा हात डब्यातच राहिला. मग म्हणाली, हळू – "चाचणीचा तो दिवस. वर्ग रिकामा झाल्यावर विनुता बाकावर तशीच बसून होती. उठायला तयार नव्हती. मी लॅबमध्ये नेलं. सगळं सांगितलं, दाखवलं, स्कर्ट दिला. तुम्हाला बोलावते म्हटलं, तर नको म्हणाली. घरी मी सांगते म्हणाली."

पुढच्या तासाला आठवी बमध्ये गेले. खडू घेतला आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. मागे वळता येईना मला. शेवटच्या बाकावर ती होती.

८ डिसेंबर

काल पूल ओलांडला आणि मोपेड थांबवली. विचारलं, मला का नाही गं सांगितलंस?

"सांगितलं की," म्हणाली. "दोनदा उभी राहिले, मिस."