झाकलेलं गोंदण

आये, तुझ्या विसरभोळेपणाची फळं मी अजून भोगते आहे. मी कधी जन्मले हे तुला कधी नीट सांगताच आलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचीस, "भात झोडत होते, कळ आली, एवढंच ठाऊक." म्हणून माझ्या पासपोर्टावर एक जानेवारी लावलाय, आणि दर वर्षी आदल्या रात्रीपासून सगळं सिंगापूर माझ्या वाढदिवसाचे फटाके उडवतं. तेव्हा तक्रार नाही. हे सूनबाई फोनात लिहून घेते आहे. अक्षर मला येत नाही, तुलाही येत नव्हतं. लिहिणारी तिसरीच आणि वाचणारं कुणी नाही, असं हे पत्र. ती पुण्याची, माझ्या तोंडचं 'न्हाय' पुसून 'नाही' करते. करू दे.

मुलाची नोकरी इथे, म्हणून मी सिंगापुरातल्या हौगांगला बाराव्या मजल्यावर राहते. गेल्या डिसेंबरात नातीला सुट्टी लागली तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, जपानला जाऊ. डोंगरात गरम पाण्याचे झरे आहेत, शेजारीच पाहुणे ठेवतात असं जुनं लाकडी घर आहे. तुझे गुडघे मोकळे होतील." गेलो. दारात चपला काढायच्या, आत गवताच्या चटया, बुटकं टेबल, अंथरूण जमिनीवर. याच मुलाने पहिल्या पगारातून मला पलंग आणला होता, आता खाली झोपायचं नाही म्हणून. आणि आता विमानात बसवून परत खाली झोपवायला घेऊन आला. मी म्हटलं, "अरे, हे तर घरीच होतं की." तो म्हणाला, "आई, हे ऑथेंटिक आहे."

संध्याकाळी सूनबाईने कानाशी येऊन सांगितलं की त्या पाण्यात कपडे घालून उतरत नाहीत. एक धागासुद्धा नाही. बायकांची बाजू वेगळी, पण सगळ्याजणी तशाच. आणि एवढं सांगून तिला स्वतःला सर्दी झाली. ही सर्दी खोटी होती. लिही गं, लिही, सासूपुढे कुणाला होत नाही अशी सर्दी? राहिली नात. तेरा वर्षांची, एकटी जायला लाजते आणि गेल्याशिवाय राहवत नाही. "आज्जी, तू चल ना. नोबडी लुक्स लाह," म्हणते, सिंगापुरी 'लाह' शेवटी लावून. नवऱ्याने जन्मभरात माझी पाठ धड पाहिली नाही, आणि मी निघाले परमुलखातल्या बायकांत बसायला.

दाराशी मालकीणबाई उभ्या. माझ्याच वयाच्या असतील, केस चापूनचोपून बसवलेले. त्यांनी माझे हात पाहिले आणि कमरेत वाकल्या. मीही वाकले. त्या पुन्हा वाकल्या. मला वाटलं मान देतायत, म्हणून मी आणखी वाकले, तेव्हा नात म्हणाली, "आज्जी, स्टॉप. त्या नाही म्हणतायत." मग भिंतीवरचं चित्र दाखवलं: पाठभर नक्षी गोंदलेला माणूस आणि त्याच्यावर लाल काट. मालकीणबाई फोनमध्ये बोलल्या, फोन इंग्रजीत बोलला, नातीने मला मराठीत सांगितलं. त्यांच्याकडे म्हणे गुंड लोक अंग गोंदवून घेतात, इतर पाहुणे बिचकतात, म्हणून गोंदलेल्यांना पाण्यात सोडत नाहीत. आये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी गुंड झाले! उजव्या हातावर तुळस, डाव्यावर पाच ठिपके आणि तुझा तो विंचू. विंचवामुळे जरा संशय आला असेल, हे मला मान्य आहे.

आता इथून पुढचं मला उमगत नाही, म्हणून तुला विचारते आहे. मालकीणबाईंनी कातडीच्या रंगाच्या चिकटपट्ट्या आणल्या. हे लावा आणि जा, एवढंच. नात पट्टी सोलून उभी, आणि माझा हात काही पुढे होईना. तुझ्या डोळ्यापुढे येतं का ते? आपली पडवी, गोंदणारीण मांडी घालून बसलेली, तिच्या वाटीत काजळ कालवलेलं. मी आठ वर्षांची. तू माझा हात गुडघ्याखाली दाबून धरला आहेस आणि मी तुला चावते आहे. सुया बसतात तशी मी किंचाळते, आणि तू माझ्या कानात सांगतेस, "बाकी सगळं इथंच राहतं. दागिना राहतो, लुगडं राहतं. हे तेवढं संगं येतं. वर आलीस की यावरनं मी तुला ओळखीन." बोलताना तू खोकतेस. विचारलं तर म्हणतेस, धुराचा खोकला. पुढच्या वर्षी भात झोडायला तू नव्हतीस.

तेव्हा सांग, मी काय करायला हवं होतं? तुला ठाऊक तो माझा आठ वर्षांचा चेहरा. आता दात बसवलेले, केस पांढरे, वयाने मी तुझ्या दुपटीहून जास्त. माझ्याच पोटची मुलगी शोभशील तू. कशावरून ओळखणार होतीस मला? तू जो तिकडचा परवाना म्हणून दिलास, त्याच्यामुळेच इकडे दारात अडवतात. मी नातीला म्हटलं, "मी नाही येत." हातातली पट्टी तिच्याच बोटांना चिकटून बसली होती, ती सोडवत राहिली. डोळे भरलेले, पण वर बघेना. तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. "लाव," म्हटलं. "विंचू आधी झाक."

आधी बाजूला स्टुलावर बसून अंग घासून धुवायचं आणि मग उतरायचं, अशी तिथली रीत. पाणी चांगलंच कढत, वर बर्फ भुरभुरतोय, आणि वास आपल्या गावामागच्या उन्हाळ्याचा, त्या गरम पाण्याच्या कुंडाचा. तोच नासक्या अंड्यांचा. मला खरूज झाली तेव्हा तिथे नेलं होतंस, लुगड्यासकट उतरलीस आणि मला कमरेला धरून बुडवलंस. हे गोंदणाच्या आधीचं. इथे पाण्यात पाहते तर माझे हात कोरे. नात खांद्याला टेकून बसली आहे, शेजारची म्हातारी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवते, आणि माझ्या हातांवर कुणाचीच खूण नाही. मला रडू येईल असं वाटत होतं. आलं नाही. काय आलं, त्याला नाव मला सापडत नाही. सूनबाई दोन-तीन शब्द सुचवते आहे, त्यातला एकही नव्हे.

खोलीवर आल्यावर नात पट्ट्या काढायला बसली. उजवी काढली. डावी मी काढू दिली नाही. कातडी ओढते, असं सांगितलं. ओढत नव्हती. दोन दिवस ती तशीच ठेवून फिरले. विमानात, सिंगापूरला उतरून घरी येईपर्यंत. का, ते कळत नाही. त्या दोन दिवसांत मेले असते तर आपली चुकामूकच झाली असती, हे कळत होतं, आणि तरी मी मजेत होते. कुणी मागे ठेवून गेलेली पोर नव्हतेच जशी. आये, गोंदवलंस त्याचा राग नव्हता. ओळखीची खूण करून ठेवलीस म्हणजे जायचं तुला माहीत होतं, आणि मला धुराचा खोकला म्हणालीस, त्याचा होता. पासष्ट वर्षं होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सूनबाईचं बोट थांबलं आहे.

तिसऱ्या दिवशी पट्टी आपोआप सुटून भांड्यांच्या पाण्यात पडली. विंचू आहे तसाच आहे, जरा फिकट. हे पत्र कुठे धाडायचं नाही, फोनातच राहील. पितृपक्षात तुझं पान वाढते, पण इथे पाखरांना खायला घालायला बंदी आहे, कावळ्यालासुद्धा. खिडकीत वाटी ठेवली की मुलगा उचलून आत आणतो. तेव्हा आता माझ्याकडून काही येण्याची वाट पाहू नकोस, तूच पाठव. कुळथाची पिठी पाठव, पातळ, लसूण ठेचून वरून सोडलेली, आणि सोबत तांदळाची भाकरी. सुकट असली तर चिमूटभर, नसली तर राहू दे. नातीसाठी वेगळं काढ, तिखट कमी.