तोटीला आधी कागद

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू रडत होतीस आणि मी नुसतं हं हं करत राहिले. सोमवारपर्यंत पॅकिंगचा वेग वाढव, नाहीतर घरी बस, असं साहेब म्हणाले, आणि तू मला विचारलंस की आता मीही इतरांसारखं कोंबून पाठवू का. त्याचं उत्तर या पत्रात आहे. पण आधी तुमच्या कंपनीची खरडपट्टी काढू दे.

तुमच्याकडून घड्याळाचा एक सेल मागवला, तर तो ज्या खोक्यातून आला त्यात मी बसले असते, आणि माझा आकार तुला ठाऊक आहे. मग बाबांनी हौसेने चिनी मातीची किटली मागवली. ती आली साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, खुळखुळत. तक्रार करायला गेले तर तिकडे माणूसच नाही, मशीन. फुटक्या किटलीचा फोटो पाठवला, तर त्याने विचारलं की याच रंगात अजून एक हवी आहे का. त्यावर मी जे लिहिलं ते पाठवण्याआधीच बाबांनी पुसून टाकलं. दोन दिवस डोकं खाल्ल्यावर बदली किटली द्यायला तयार झाले.

काल ती आली. बाबांनी खोकं उघडलं आणि मला हाक मारली. तोटीला आधी वेगळा कागद, मग कानाला. झाकण उलटं, मध्ये कागदाची घडी. कोपऱ्यांत पिळलेले बोळे, आणि आपल्या काचसामानाच्या दुकानात करायचो तसं कागदाचं वरचं टोक आत खोचलेलं, चिकटपट्टीचा पत्ता नाही.

फुटक्याच्या बदल्यात जाणारा माल तुझ्याच टेबलावरून जातो, हे आम्हाला ठाऊक होतं. पण पत्त्याचं लेबल नंतर मशीन चिकटवतं, असं तूच सांगितलेलंस. म्हणजे किटली कुणाकडे निघाली आहे हे तुला माहीत नव्हतं. कुठल्याशा अनोळखी माणसासाठी तू एवढं निगुतीने बांधलंस. मला इतका अभिमान वाटला की शेजारच्या काकूंना बोलावून कागद आणि खोकं दाखवलं. त्या बिचाऱ्या किटली बघायला आल्या होत्या.

तुला लगेच फोन लावत होते, तर बाबा नको म्हणाले. दुकानात तू बांधलेलं प्रत्येक पुडकं सोडून पुन्हा बांधणारा हा माणूस, तुझ्यासमोर कधी 'बरं आहे'च्या पुढे गेला नाही. काल तो कागद उलगडताना त्यांचे डोळे भरून आले. मला म्हणाले, "तिला लिही, माझ्यापेक्षा चांगलं बांधते. फोनवर नको, तिच्याजवळ कागदावर असू दे." म्हणून हे पत्र. कोंबू नकोस, ठमे. साहेबांना काय बोलायचं ते बोलू देत, आणि काढलंच तर ताठ मानेने घरी ये.

तुझीच,
गल्लीभर मिरवून आलेली
आई