पाच फूट सहा इंच, मधोमध

३ फेब्रुवारी २०१९, रविवार. सकाळी ६.१०

आजपासून रोज लिहायचं. फक्त प्रोजेक्टची नोंद. भावना वगैरे नाही.

पुण्याच्या संस्थेची मेल काल आली. मंजूर. जुन्या पद्धतीचा, मोठ्या आकाराचा, गावाने मिळून केलेला फोटो. विषय मृत्यू. विषय मीच निवडला, कारण पाणी आणि स्थलांतर बाकीच्यांनी घेतले असणार. बाबांशी याचा संबंध नाही. बाबा जुलैत गेले आणि अर्ज मी ऑगस्टमध्ये भरला. मध्ये पूर्ण एक महिना आहे.

पद्धत: सायनोटाइप. पावणेदोनशे वर्षं जुनी, कॅमेरा लागत नाही. पांढऱ्या कपड्याला केमिकल लावायचं, अंधारात वाळवायचं, उन्हात पसरायचं. त्यावर माणसं झोपवायची. वीस मिनिटांनी उठवायची आणि कपडा धुवायचा. ऊन अडलं तिथे पांढरं, ऊन लागलं तिथे निळं. इतकं सोपं आहे की चूक होऊच शकत नाही.

चाळीस माणसं. वीस बाय सोळा फुटांचा कपडा. तारीख २४, दुपारी बारा.

रडणे: नाही. (आई रोज विचारते, म्हणून ही नोंद. जुलैपासून नाही. तब्येत उत्तम.)

५ फेब्रुवारी

कपड्यासाठी तुमसरला गेले. चाळीस मीटर पांढरा, कोरा, असं सांगितल्यावर दुकानदाराने मीटरपट्टी खाली ठेवली. "कोन गेलं?" म्हणाला. मी म्हटलं, कोणी नाही, आर्ट आहे. तो म्हणाला, "हो बाई, होते असं." चहा मागवला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. प्यायले. परत येताना बसमध्ये गठ्ठा मांडीवर होता. शेजारच्या बाईने उठून मला खिडकी दिली.

खोटं सांगितलेलं नाही. तरी मन खात राहिलं. उद्या फोन करून दुकानदाराला नीट समजावणार.

६ फेब्रुवारी

फोन केला नाही. नंबर पावतीवर आहे, पावती आईकडे आहे, आई मशीनवर पट्ट्या जोडते आहे.

टेस्ट: रुमालावर माझा तळवा. बारा मिनिटं. धुतल्यावर निळ्यात पांढरा हात. आई म्हणाली, "चांगला दिसून राहिला. आता भात खाय."

९ फेब्रुवारी. दुपारी

विहारामागचं मैदान मागायला आनंदरावांकडे गेले. ते बुद्धविहार समितीचे सेक्रेटरी, रिटायर्ड क्लार्क. अर्ज तीन प्रतींत नेला होता. त्यांनी एकही वाचली नाही. रंग कोणता येतो, एवढंच विचारलं. निळा म्हटल्यावर म्हणाले, "निळा हाये त मंग प्रश्नच नाही."

पुढे म्हणाले, "मयताचा फोटो त तुह्या बापाचाच धंदा होता."

धंदा नव्हता. आंधळगाव आणि आसपास कोणी गेलं आणि घरात त्याचा फोटो नसला, की बाबांना "यादोराव भाऊ, चला" असं बोलावणं यायचं. बाबा घरच्यांना शेजारी बसवून एक फोटो काढायचे. फोटोत असेल त्या प्रत्येकाला त्याची कॉपी मिळायची. हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. निम्म्या गावाच्या भिंतींवर त्यांचं काम आहे. ते स्वतः कुठेच नाहीत, कारण ते कॅमेऱ्यामागे. आधार कार्डावर आहेत, पण त्यात ते कोणीही वाटतात.

जुलैत त्या सकाळी सगळे म्हणाले, दीपा, आता तूच काढ. मी लाइट मीटर घेऊन उभी राहिले. बाहेर ढग, खोलीत लाइट इतका कमी की शटर पाव सेकंद उघडं ठेवावं लागणार. हात हलला असता. हललेला काढण्यापेक्षा न काढलेला बरा, हे बाबांनीच शिकवलेलं. निर्णय टेक्निकल होता. हे मी आधी कुठेतरी लिहिलं आहे, पुन्हा लिहायची गरज नव्हती.

१२ फेब्रुवारी

नावं: सव्वीस. चाळीस होतील.

रेवताबाई आणि देवाजी, तलावात मासे धरणारं जोडपं, आमच्या मागच्या गल्लीतलं. रेवताबाई म्हणाल्या, "कोऱ्या कपड्यावर जित्या मानसानं झोपावं काय वो?" मी त्यांना मृत्यूची संकल्पना वीस मिनिटं समजावली. त्या शेवटी म्हणाल्या, "तू एवढी बोलून राहिली त येतो माय. पन हसू आलं त रागावू नको."

देवाजींना जाळं घेऊन झोपायचं आहे. मी म्हटलं, मृत्यूसमोर सगळे सारखे, वस्तू नकोत. ते म्हणाले, "जाळ्याबिना मले कोन वळखन?"

कपडा तलावात धुवायचा विचार होता. देवाजींनी विचारलं, "मासोऱ्या निळ्या झाल्या त बजारात काय सांगू?" केमिकलची सेफ्टी शीट चार वेळा वाचली. निळ्या होणार नाहीत, पण खात्री देता येत नाही. आनंदरावांच्या शेतातल्या बोअरच्या पाइपाने धुणार. जाळ्याला परवानगी दिली. एकाच जाळ्याला.

१७ फेब्रुवारी. संध्याकाळी

ताडपत्रीवर तालीम. एकोणीस जण. सूचना वाचून दाखवल्या: हसू नये, खाजवू नये, हाक मारल्यास ओ देऊ नये. प्रत्येकाची जागा खडूने आखली.

मधोमध एक जागा रिकामी ठेवली आहे. लांबी पाच फूट सहा इंच, उजवा गुडघा थोडा वाकलेला. कॉम्पोझिशनला मोकळीक लागते. चित्र बघणाऱ्याला तिथे कोणीतरी नाही असं जाणवलं पाहिजे.

रेवताबाईंनी विचारलं, "येथं कोन?" म्हटलं, कोणी नाही. त्या खडूच्या रेषेकडे बघत म्हणाल्या, "यादोराव भाऊंचा गुडघा असाच होता ना? सायकलवरून पडले तवापासून." मी सांगितलं, ही पुरुषांची सरासरी उंची आहे आणि गुडघा तिरक्या रेषेसाठी आहे. "बरं माय," म्हणाल्या.

नंतर सगळे त्या रेषेला वळसा घालून चालत होते. चहा आणणारेसुद्धा. माझ्या सूचनांचा परिणाम. शिस्त येते आहे.

रडणे: नाही.

२२ फेब्रुवारी

कोटिंग. मागच्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या, बाबांचा डार्करूमचा लाल बल्ब. तोच बल्ब. शाळेत मी थेट तिसरीत गेले, त्याआधीचं सगळं घरी, बाबांकडे. आकडे याच उजेडात शिकले, सेकंद मोजून. साठच्या पुढचे आकडे मला बरेच दिवस मिनिटांत येत होते.

आज कपड्याला ब्रश फिरवताना मोजत होते. चार हजारांच्या पुढे गेल्यावर आईने दाराबाहेरून विचारलं, कोणाशी बोलून राहिली? म्हटलं, कोणाशी नाही. केमिकल आईने कालवून दिलं, दोघींची नखं पिवळी झाली आहेत. खोलीत कपडा वाळतो आहे, म्हणून दोन दिवस स्वयंपाक अंगणात. आईची तक्रार नाही, हे मला जास्त त्रासदायक वाटतं.

२४ फेब्रुवारी. सकाळी ८

आकाश स्वच्छ. मीटर तीनदा पाहिलं.

२४ फेब्रुवारी. संध्याकाळी ७

अकरा जण आले. लाखांदूरला लग्न निघालं, त्यात आठ गेले. बाकीच्यांची कारणं वेगवेगळी, सगळी मोघम. अकरा हा चांगला आकडा आहे. चाळीसची गर्दी झाली असती.

कपडा काळ्या ताडपत्रीत गुंडाळून नेला आणि मिनिटभरात उघडून सगळ्यांना झोपवलं. आनंदराव उभेच. "मधात एवढी जागा खाली हाये, मी मधात येतो. हातपाय मोकळे होतीन." मी ओरडणार तोच रेवताबाईंनी पडल्यापडल्या त्यांचं धोतर ओढलं. "सरका तिकडं. ते भरलेली हाये." आनंदराव कडेला जाऊन झोपले.

चौथ्या मिनिटाला त्यांचा मोबाईल वाजला. त्यांनी उचलला. "आता मी मेलेलो हावो, अर्ध्या घंट्यानं कर," म्हणाले. अकराही प्रेतं हलली. सहाव्या मिनिटाला देवाजी घोरायला लागले. मी मोठ्याने मोजत राहिले, बाराशेपर्यंत. आई कपड्याबाहेर सावलीत बसली होती. तिला जागा दिली होती, तिने नको म्हटलं.

मग कपडा पुन्हा ताडपत्रीत गुंडाळून शेतात नेला आणि बोअर सुरू केला. पिवळं पाणी वाहून गेलं आणि निळं वर आलं. खूप निळं. त्यात पांढरी माणसं. कडा जरा हललेल्या, पण माणसं. आनंदरावांचा हात कानाला. देवाजींचं जाळं तर गाठीगाठीसकट उतरलं आहे, सगळ्यात सुंदर तेच. सगळे स्वतःला शोधत होते, "हा मी, हा मी," लहान पोरांसारखे.

मी मधली जागा शोधली.

निळी आहे. नुसती निळी. कडेला आहे तशीच. तिथे कोणी झोपलेलं नव्हतं, ऊन पूर्ण लागलं, निळी झाली. बघणाऱ्याला काही जाणवणार नाही. दोन माणसांमध्ये थोडं अंतर आहे, एवढंच.

नियम ३ तारखेला मी स्वतः लिहिला आहे. ऊन अडवायला माणूस लागतं.

पाइप त्याच जागी धरून ठेवला होता. आई आली आणि मोटर बंद केली.

२५ फेब्रुवारी

कारणं शोधली. एक्स्पोजर जास्त झालं असेल. पण बाकीची माणसं बरोबर आली आहेत. केमिकल कमीजास्त झालं असेल. नाही, सगळीकडे सारखं आहे.

जागा गेलेली नाही. आहे, फक्त दिसत नाही. संस्थेला तसं लिहिता येईल.

कपडा अंगणात दोरीवर आहे. आई बराच वेळ त्याच्यासमोर उभी होती. "तुहा बाप कोठं हाये यात?" म्हणाली. मी म्हटलं, यात बाबा असण्याचा प्रश्नच नाही, हा एकूण मृत्यूविषयी आहे. तिने कपड्याची घडी पडलेली कड सरळ केली. "मले वाटलं," म्हणाली आणि आत गेली.

२८ फेब्रुवारी

रेवताबाई आणि देवाजी सकाळीच दारात. कॉपी पाहिजे म्हणाले. मी समजावलं, ही एकच कलाकृती आहे, हिची कॉपी होत नाही, ती एकसंध राहिली पाहिजे. रेवताबाई म्हणाल्या, "तुह्या बापानं असं कधी केलं नाही. फोटोत जो हाये त्याले त्याचा भेटे."

कॉपी निघत नाही म्हटल्यावर देवाजी म्हणाले, "मंग कापून दे ना. माहा तेवढाच."

नाही म्हणून सांगितलं. ठामपणे.

२८ फेब्रुवारी. दुपारी

कापून दिला. एकाला दिल्यावर दुसऱ्याला नाही म्हणणं अन्यायाचं झालं असतं. दुपारपर्यंत अकराही आले. कात्री आईने धरली, कारण माझ्या हाताने रेषा सरळ येत नव्हती. प्रत्येकाने आपलं माप दाखवलं, बोटभर जास्त मागितलं. देवाजींनी जाळं अख्खं नेलं. आनंदराव म्हणाले, विहारात लावतो, फोनचा भाग आत दुमडतो.

शेवटचा तुकडा सुटला आणि मधला खाली पडला. तो कोणी मागितला नाही. सगळे आपापल्या कडेने कापून गेले, म्हणून तेवढाच उरला. उचलून मोजला. पाच फूट सहा इंच. उजव्या बाजूला गुडघ्याशी थोडा बाहेर आलेला.

आईला दाखवलं नाही. ती बघतच होती.

१ मार्च

संस्थेला मेल: "कलाकृती सहभागींनी आपसात वाटून घेतली आहे." उत्तर आलं की सात दिवसांत संपर्क करू. मेल आपोआप आलेली दिसते.

३ मार्च, रविवार. सकाळी

आईने त्या तुकड्याच्या कडा काल दुमडून शिवल्या आणि बाबांच्या खाटेवर अंथरला. खाट जुलैपासून उघडीच होती. मी सांगितलं, रंग साबणाने जाईल, धुवायचा नाही. ती म्हणाली, "कायले धुवू? कोनी झोपते काय त्याच्यावर?"

ती पाण्याला गेल्यावर मी झोपून पाहिलं. फक्त माप तपासायला. मी पाच फूट दोन आहे. पायाशी चार इंच उरतात. गुडघा वाकवला की आणखी.

बाराशेपर्यंत मोजायचं ठरवलं होतं. तीनशेच्या पुढे आकडे चुकले. आई कधी आली कळलं नाही. ती उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, "हलू नको, राहू दे."

रडणे: लिहायचं राहिलं.